अख्खं मन

रविवारी सकाळी काळुराम म्हात्रे माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहायचा. पेणजवळ गडब गावात, हायवेच्या कडेला माझं किराणा आणि बी-बियाण्याचं दुकान आहे. त्याचं गाव खाली, खाडीच्या बांधाला लागून. तिथून शेतातल्या वाटेनं तो चालत वर यायचा, माझ्या नळावर पाय धुवायचा, पिशवीतला घडी केलेला शर्ट काढून अंगात घालायचा आणि नागोठण्याकडे जाणारी विक्रम रिक्षा येते का ते बघत बसायचा. नागोठण्याहून पुढे रोहा. रोह्याच्या अष्टमी भागात शांती नावाच्या बाईच्या घरी येशूची प्रार्थना चालते, तिथे तो जायचा. पावसाळ्यात हायवेचा पार राडा झाला, गाड्या अडकून पडल्या, तरी जायचा.

मी कधी त्याच्याबरोबर गेलो नाही. माझा देव वेगळा आहे आणि मला त्यात काही कमी वाटलेलं नाही. पण काळुरामबद्दल आमच्या भागात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. म्हणून मला जे ठाऊक आहे ते सांगतो. काही त्याच्याच तोंडून ऐकलेलं, काही त्याच्या मुलीकडून.

पूर्वी काळुरामची ओळख होती ती गळ्याची. त्याच्या गावचं भजनी मंडळ पेणपासून नागोठण्यापर्यंत माहीत होतं ते त्याच्यामुळे. माणूस बुटका, काळा, बोलायला लाजरा. पण तोंड उघडून पहिला आलाप घेतला की मागे पत्ते खेळत बसलेली पोरं गप्प व्हायची. खाऱ्या जमिनीत भात लावायचं, बांध राखायचा, मिळेल तेव्हा खाडीत चार मासे धरायचे आणि बोलावणं आलं की गायला जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. बायको सीताबाई. लग्नाआधी मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली, बोलायला फटकळ आणि मनानं मोकळी. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. मग दिशा झाली. एकुलती एक. काळुरामनं तिला खांद्यावरून खाली ठेवलंच नाही म्हणा ना. पेणच्या कॉलेजात शिकून ती बीएस्सी झाली आणि रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागली.

त्याच सुमारास सीताबाईच्या पोटात गाठ निघाली.

पेणच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं होतं. तिथे शांती आया म्हणून कामाला होती. रोह्याहून रोज येऊन-जाऊन करायची. काम आटोपलं की सीताबाईच्या खाटेजवळ बसायची, तिचे पाय दाबायची. एक दिवस तिनं विचारलं, "काकी, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" सीताबाई म्हणाली, "कर गो. तोंडानंच करायची ना, मंग काय बिघारतंय!"

काळुराम शेजारी स्टुलावर बसून ऐकत होता. त्या प्रार्थनेत त्याला काही विशेष वाटलं नाही, असं त्यानंच मला सांगितलं. एवढंच लक्षात राहिलं, की शांती देवाशी बोलताना रडत होती, आणि ज्या बाईसाठी रडत होती ती तिच्या ना नात्यातली, ना जातीतली.

सीताबाई घरी आली. औषधपाणी चालूच होतं. तिला जरा बरं वाटायला लागल्यावर ती म्हणाली, मला रोह्याला शांतीच्या घरी घेऊन चल. काळुराम तिला घेऊन जाऊ लागला. आत मात्र बसायचा नाही. शांतीचा नवरा पोपट रिक्षा चालवायचा, तोच रविवारी पुस्तकातून वाचून दाखवायचा आणि साध्या भाषेत समजावायचा. काळुराम बाहेर पायरीवर बसून त्याच्या रिक्षाकडे बघत राहायचा. पण कान काही बंद करता येत नाहीत. एका रविवारी पोपट सांगत होता, की देवाला माणसाचं मन हवं असतं, आणि ते अख्खं हवं असतं. त्याला गरज आहे म्हणून नाही. अर्धं मन दिलं की देणारा माणूसच मधोमध फाटतो, म्हणून. काळुराम उठला आणि आत जाऊन दाराजवळ बसला. त्यानंतर तो पायरीवर कधी बसला नाही.

गावानं सुरुवातीला काही म्हटलं नाही. बायको आजारी आहे, माणूस दहा दारं ठोठावतो, त्यातलं हे एक, असं सगळ्यांनी धरलं. सीताबाई चांगली हिंडूफिरू लागली तेव्हा तर बायका म्हणायच्या, "गुण आला गो तुला." मग काळुरामनं एक गोष्ट केली. घरातले देवाचे टाक त्यानं नव्या कपड्यात नीट गुंडाळले आणि धाकटा भाऊ दाजी याच्या घरी नेऊन दिले. दाजीला म्हणाला, "ह्ये आपल्या वाडवडलांचं हाय. माझ्या घरात त्यांची पूजा व्हनार नाय आता. तुझ्याकडं मानानं ऱ्हातील." दाजीनं टाक घेतले, पण त्या दिवसापासून त्याचा चेहरा उतरला तो उतरलाच. आणि काळुरामनं भजनाला जाणं थांबवलं. गाणं त्याला नकोसं झालं होतं असं नाही. मंडळ गायला बसलं की तो घराच्या मागच्या अंगाला जाऊन लाकडं फोडत बसायचा, म्हणजे ऐकू येऊ नये. सीताबाईनं एकदा त्याला विचारलं, "एवढं जड जातंय तर जा की." तो म्हणाला, "गेलो तर गळा तिथं नि मन दुसरीकडं. त्या देवाशी बी खोटं, ह्या देवाशी बी खोटं."

वर्षभरात सीताबाईची गाठ पुन्हा वाढली. ह्या वेळी औषधांनी काही केलं नाही. रोह्याची माणसं येऊन उपास करून प्रार्थना करत होती. काळुराम तिचं अंग पुसायचा, तिला भरवायचा, तिची लुगडी धुवायचा. शेवटी शेवटी ती पाणीही गिळेना. एका दुपारी दिशा शिफ्टवरून यायच्या आत ती गेली.

आता प्रश्न आला की माती द्यायची की अग्नी. सीताबाईनं शांतीला सांगून ठेवलं होतं की मला प्रार्थना करून पुरा. गावाचं म्हणणं, आमच्या गावात आमच्यासारखं होईल. वाद वाढणार असं दिसत होतं. काळुराम उठला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या रीतीनं करा. माती काय नि राख काय, तिला ज्यानं घेतलंय त्याला ती सापडनार." शांतीनंही होकारार्थी मान डोलावली. सीताबाईला अग्नी दिला गेला.

हे सगळ्यांना फार आवडलं. काळुराम वळला, असं लोकांनी धरलं. तेराव्यानंतर मंडळातली जाणती माणसं त्याच्या ओटीवर आली. दाजीच बोलला, "दादा, झालं ते झालं. वहिनी वाचली असती तर आमी गप ऱ्हायलो असतो. पन तुझ्या येशूनं काय केलं? वाचवली का तिला? आता ये परत. तुझी जागा आमी कोनाला दिली नाय."

काळुरामनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाला, "ती बरी व्हईल म्हनून मी तिकडं गेलो, ह्ये खरं हाय. खोटं कशाला बोलू? पन ती गेली त्या दुपारी घरात मी एकटा व्हतो. तिचं डोकं माझ्या मांडीवं. कोन नव्हता तिथं. तवा तो व्हता, दाजी. आता ती नाय म्हनून त्याला सोरू?"

माणसं उठून गेली. वाईट बोलून गेली नाहीत. उलट दोघा-तिघांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण ओटीवर पुन्हा कोणी फारसं आलं नाही.

दिशाचं लग्न ठरलं ते कोलाडच्या अमोलशी. अमोलच्या घरची हायवेवर खाणावळ आहे. माणसं चांगली, खाऊनपिऊन सुखी. दिशा आणि अमोल कंपनीच्या बसमध्ये एकमेकांना ओळखू लागले होते. काळुरामला जावई पसंत होता. अडलं ते एका नारळावर.

आमच्याकडे हळदीच्या आधी घरच्या कर्त्या माणसानं कुलदेवतेपुढे नारळ वाढवायचा, नाव घेऊन गाऱ्हाणं घालायचं आणि मग कार्याला हात लावायचा. काळुराम विधुर, त्यामुळे कन्यादान दाजी आणि त्याची बायको करणार हे ठरलेलंच होतं. त्यात त्याला काही म्हणायचं नव्हतं. पण अमोलचे वडील म्हणाले, "मुलीच्या बापानं नारळ वाढवावा, एवढंच आमचं मागणं. घरात देव नाही अशा घरची सून आणली, असं आमच्या भावकीत बोललं जाऊ नये." मागणं वाजवी होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

त्या संध्याकाळी बापलेक ओटीवर बसले. हे दिशानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, एक नारळ. एक मिनिटाचं काम. तू मनात तुझ्या येशूचं नाव घे, कोणाला कळणार आहे?"

"मना कलंल ना गो."

"तुझा देव एवढा रागीट आहे का? एका नारळानं रागावेल?"

"तो नाय रागावनार. मीच मधून तुटन. मंग तुला आशीर्वाद द्यायला माझ्यात अख्खं काय उरंल?"

"आईला जाळताना तू काही म्हटलं नाहीस. तेव्हा तुझं मन तुटलं नाही?"

"तवा लोकांनी काय करायचं त्ये लोकांनी केलं. मी कोनापुढं हात जोरले नाय. ह्यात मी हात जोरायचे हायेत. तिथं माझं मन नाय, तर कसे जोरू?" मग म्हणाला, "माझी जमीन घे, घर घे, माझं रगत घे. येवढं नको मागू."

दिशा उठली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "मी जमीन मागितली नव्हती, बाबा."

लग्न दाजीच्या अंगणात झालं. पत्रिकेवर दाजीचं नाव. नारळ दाजीनं वाढवला. हळद तिथेच लागली, मुलगी निघाली तीही तिथूनच. काळुरामच्या घराला मांडव नव्हता. तो लग्नाला आला होता. मी स्वतः त्याला बघितलं. नवा सदरा घालून मांडवाच्या शेवटच्या खुर्चीवर बसला होता. मग उठून पाहुण्यांना पाणी देऊ लागला. जेवणाच्या पंगतीत त्यानं माझ्याही पुढ्यात पेला ठेवला आणि विचारलं, "जेवन बराबर हाय ना?" मुलगी निघताना सगळ्यांच्या पाया पडत गेली. काळुराम फाटकाजवळ उभा होता, दोन्ही हात थोडे पुढे केलेले. ती त्याच्यासमोर आली, वाकली नाही, मान खाली घालून गाडीत जाऊन बसली. गाडी हायवेला लागेपर्यंत त्याचे हात तसेच होते.

त्यानंतर वर्षं गेली. दिशा माहेरी म्हणून यायची ती दाजीकडे. दोन्ही घरांच्या मध्ये एक चिंचेचं झाड आणि एक वई, म्हणजे कुंपण. ती आलेली काळुरामला आवाजावरून कळायची. तिला मुलगी झाली, नाव किमया ठेवलं, हेही त्याला दाजीनं सांगितलं. तो रोह्याला जायचा तिथून कोलाड काही लांब नाही. एकदा थंडीत तो वालाच्या शेंगांची भरलेली पिशवी घेऊन कोलाडला गेला. सासूबाईंनी आदरानं बसवलं, चहा दिला. दिशा घरात होती, पण बाहेर आली नाही. त्यानं चहा संपवला आणि पिशवी ठेवून निघाला.

त्याच दिवशी परत येताना तो माझ्या दुकानात टेकला. मी काही विचारलं नव्हतं. तोच बोलायला लागला. "शेठ, मना येक गोष्ट कलत नाय. मी त्याला मन दिलं म्हनतो. पन ती देवाची माया व्हती का माझा हट्ट व्हता? म्हात्र्यांचा हट्ट मोठा असतो. रात-दिस विचारतो त्याला. तो सांगत नाय."

मी म्हटलं, "मग अजूनही वेळ गेलेली नाही. मुलीकडे जाऊन चुकलो म्हण."

त्यानं मान हलवली. "चुकलो असं वाटत असतं तर गेलो असतो. वाटत नाय, हाच तर घोर हाय. पोर आठवली का छातीत कालवतं, नि तरी परत तीच येल आली तर मी तेच करीन. मानूस असा असावा का?"

मी त्याला पाणी दिलं.

मग मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला. बांधाला पडणाऱ्या अशा खांडी आम्हाला नव्या नाहीत. पण ही मोठी होती आणि खारं पाणी सरळ दाजीच्या लावणीत शिरत होतं. गाव धावलं. काळुरामही धावला. दाजीच्या शेजारी छातीभर चिखलात उभा राहून तो ओहोटी लागेपर्यंत माती लावत होता. तिथे कोणी कोणाचा देव विचारला नाही. बांध कसाबसा उभा राहिला. आठवड्याच्या आत काळुराम तापानं फणफणला. डोळे पिवळे झाले. दाजीनं त्याला पेणला दवाखान्यात घातलं आणि दिशाला फोन केला. "गो दिशा, तुझा बाप ऱ्हात नाय असं वाटतंय. काय ठरवायचं ते तू ठरव."

दिशा कंपनीच्या कपड्यांतच आली.

तीन-चार दिवस तो शुद्धीत-बेशुद्धीत होता. शुद्धीवर आला तेव्हा ती उशाशी बसलेली. त्यानं तिला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. रडू दिसू नये म्हणून. पुढे ताप उतरत गेला तसं दोघं थोडं थोडं बोलू लागले. पोरीची शाळा, भाताचं काय झालं, असलंच. एका दुपारी मात्र दिशाच्यानं राहवलं नाही.

"बाबा, एक विचारू? आईला त्यानं बरं केलं नाही. तुझं गाणं गेलं. मी गेले. गावानं तुला बाजूला टाकलं. तुला त्याच्याकडून मिळालं तरी काय?"

काळुराम म्हणाला, "तुझी आय आजारी व्हती. मी तिचं अंग पुसायचो, घान काराचो. मना काय मिलायचं तिच्याकडून?"

दिशानं त्याचं पांघरूण सारखं केलं.

"शेवटी शेवटी ती मना वलखत बी नव्हती. तरी मी दुसरीकडं गेलो का? मिलायसाठी नसतंय गो त्ये."

दिशा मला म्हणाली, "काका, मला ते पटलं असं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की बाबा माझ्याविरुद्ध काही करत नव्हता."

दवाखान्यातून ती त्याला कोलाडला घेऊन गेली. सासरच्यांनी काही आडकाठी केली नाही. अमोलनं खाणावळीच्या मागची खोली रिकामी करून दिली. किमया पाच वर्षांची. तिला आजोबा नवीनच होता. दिवसभर ती त्याला चिकटून असायची. तो तिला चिखलाचे खेकडे करून द्यायचा. संध्याकाळी घरात दिवा लागून आरती सुरू झाली की काळुराम हळूच उठून अंगणात जाऊन बसायचा. कोणी बोलायचं नाही. एकदा किमयानंच विचारलं, "आई, आजोबा रोज बाहेर का जातात? त्यांना आपला बाप्पा आवडत नाही?"

सगळे दिशाकडे बघू लागले. ती म्हणाली, "तसं नाही, बाळा. आजोबांनी त्यांचं मन एकाला दिलेलं आहे. दुसऱ्यासमोर खोटे खोटे हात जोडायला त्यांना येत नाहीत." आणि आरती संपायच्या आत ती बाहेर जाऊन बापाशेजारी बसली.

पण काळुराम तिथे राहिला नाही. अंगात जोर आल्यावर लगेच घरी जातो म्हणाला. दिशानं आग्रह केला. तो म्हणाला, "तुझं घर चांगलं हाय. मी हितं ऱ्हायलो तर रोज सांजंला तुला माझ्यासाठी कायतरी सांगावं लागंल. नको." मधूनमधून ती किमयाला घेऊन यायची. आता काळुरामच्याच ओटीवर बसायची. मागचं कोणी काढत नसे. बोलणं जपून, जसं नवीन नात्यात असतं तसं. आणि ते मोकळं व्हायच्या आतच वेळ संपली.

गेल्या कापणीला काळुराम शेतात विळा घेऊन वाकला होता, तो बांधावर बसला आणि तिथेच गेला. दाजीनं ह्या वेळी कोणाला विचारलं नाही. रोह्याला फोन केला, टेम्पो बोलावला आणि स्वतः भावाच्या उशाशी बसून त्याला अष्टमीच्या लोकांकडे घेऊन गेला. त्यांच्या रीतीनं, प्रार्थना करून माती दिली. गावातली काही माणसं गेली होती. मीही दुकान बंद करून गेलो. पोपटनं प्रार्थना केली.

पुढे काही दिवसांनी दिशा माझ्या दुकानात आली. बापाचं घर आवरून निघाली होती. मी तिला बसवलं, चहा मागवला, आणि आपण बोलतो तसं बोललो, की बाई, शेवटी तरी तुमचं जमलं, गोड झालं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "काय गोड झालं, काका? माझी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत तिला आजोबा नव्हता. तो वईच्या पलीकडे होता. माझा आवाज ऐकत बसायचा, हे मला दाजीकाकानं आत्ता सांगितलं. तो त्याच्या जागी खरा होता, हे मला कळलं. पण ती वर्षं कोण भरून देणार? त्याचा देव देणार का?"

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"मी त्याच्यासारखी नाही," ती म्हणाली. "माझं मन दहा ठिकाणी आहे. घर, नोकरी, पोरगी, सासरची माणसं. त्याच्यासारखं एका जागी ठेवायला मला जमणार नाही. तसं जमावं असं वाटतं की नाही, हेही मला कळत नाही."

तिचा चहा तसाच राहिला. कोलाडकडे जाणारी गाडी आली. ती हात करून धावत गेली आणि चढली.